दुसऱ्या आसनावरचा माणूस

केंद्रीय मोटार वाहन नियमांत दीर्घकाळ एक साधी अट होती. राष्ट्रीय परवान्यावर धावणाऱ्या मालमोटारीवर किमान दोन चालक असावेत आणि मुख्य चालकाच्या आसनामागे दुसऱ्याला पाय पसरून झोपता येईल एवढी रुंद बैठक असावी, अशी ती अट. २०१८ साली दोन चालकांची ही सक्ती नियमांतून वगळण्यात आली. दोन चालकांचा खर्च आजच्या भाड्यात निघत नाही, हे वाहतूकदारांचे म्हणणे खोटे नव्हते आणि अट बहुतांशी कागदावरच पाळली जात होती, हेही खरे. त्यामुळे या बदलाची चर्चा झाली नाही. संसदेत गदारोळ नाही, वृत्तपत्रांत अग्रलेख नाही. प्रशासनात तीन दशकांहून अधिक काळ घालवल्यावर माझे एक मत बनले आहे. ज्या बदलावर कोणीच बोलत नाही, तो बदल एकदा नीट वाचून पाहावा.

दुसऱ्या आसनावर केवळ पर्यायी चालक बसत नसे. बहुतेक गाड्यांवर तिथे शिकाऊ मुलगा बसे. उत्तरेत त्याला खलासी म्हणतात, महाराष्ट्रात क्लीनर. उस्तादाने त्याला चार-पाच वर्षे राबवायचे, शिव्या द्यायच्या, क्वचित हात उगारायचा आणि मग एके दिवशी मोकळ्या रस्त्यावर रिकामी गाडी त्याच्या हाती सोपवायची. या पद्धतीचे उदात्तीकरण मी करणार नाही. तिच्यात शोषण होते, अल्पवयीन मुले होती आणि पगाराच्या नावाने बहुधा दोन वेळचे जेवण होते. तरीही ती एक शाळा होती. ती बंद पडली आणि तिच्या जागी दुसरी उघडली गेली नाही. नवखा ट्रकचालक आज ज्या अडचणींना तोंड देतो, त्यांतल्या बऱ्याचशा या एका रिकाम्या आसनापाशी येऊन थांबतात.

हा विषय वाराणसीतून पाहावा असे मला वाटते, ते केवळ मी निवृत्तीनंतर इथे राहतो म्हणून नव्हे. काशी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर घाट येतात, अहिल्याबाईंनी उभारलेले विश्वेश्वराचे मंदिर येते. पण हे शहर भारतातल्या मालवाहतुकीचा एक मोठा चौक आहे. शेरशाहचा रस्ता, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग १९, शहराला वळसा घालून गंगा ओलांडतो आणि बिहारकडे जातो. जुना राष्ट्रीय महामार्ग ७ इथूनच सुरू होऊन रिवा, जबलपूर, नागपूर, हैदराबाद, बंगळुरू असा थेट कन्याकुमारीपर्यंत जात असे. २०१० साली क्रमांक बदलले, रस्ता तोच राहिला. दक्षिणेला सोनभद्रमधून डाल्याची खडी आणि सोन नदीची वाळू येते, त्याच्याही पलीकडून सिंगरौलीचा कोळसा. नाशिकचा कांदा आणि जळगावची केळी पहाडियाच्या घाऊक बाजारात उतरतात. गंगेपलीकडे चंदौली जिल्ह्यात मुगलसरायला लागून चंदासीची कोळसा मंडी आहे. तिथे संध्याकाळी उभे राहिले की धुळीच्या पडद्याआड ट्रकांच्या रांगांचा शेवट दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी या मंडीत अनेक संध्याकाळी घालवल्या. पंचविशीच्या आतले चालक शोधायचे आणि त्यांना बोलते करायचे, एवढाच हेतू. चकिया तहसिलीतला एक बावीस वर्षांचा मुलगा म्हणाला, “बाबूजी, माझा बाप चार वर्षे टायर बदलत होता, तेव्हा कुठे उस्तादाने त्याला गाडी दिली. मला पहिल्याच दिवशी दिली. तीही भरलेली.” तो पूर्वी पिकअप चालवीत असे. तिथून तो थेट बारा चाकांच्या गाडीवर आला होता.

कायद्याच्या दृष्टीने यात गैर काहीच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार हलक्या वाहनाचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. तो वर्षभर बाळगल्यावर आणि वयाची वीस वर्षे पूर्ण झाल्यावर माणूस जड वाहनाच्या परवान्याला पात्र ठरतो. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये हटवण्यात आली. हरियाणातल्या मेवातसारख्या भागातील तरुणांना शिक्षणाअभावी रोजगार नाकारला जातो, हे त्यामागचे कारण होते आणि मला ते पटते. गाडी चालवण्याचे कौशल्य आणि शालेय इयत्ता यांचा संबंध क्षीण आहे. पण त्या वेळी असेही सांगितले गेले होते की, शिक्षणाऐवजी आता प्रशिक्षणावर भर राहील. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले आणि त्यांत जड वाहनांसाठी सहा आठवड्यांचा, अडतीस तासांचा अभ्यासक्रम ठरला. हे नियम चांगले आहेत. अशी केंद्रे जिथे आहेत, तिथे सराव-यंत्रावर वळणे शिकवली जातात. अडचण एवढीच की, अडतीस तासांत जे शिकवता येते ते वेगळे आणि दुसऱ्या आसनावर बसून चार वर्षांत जे अंगी मुरते ते वेगळे.

काय मुरते? सळईने टायरवर ठोका मारून आवाजावरून हवा ओळखणे. पावसात ताडपत्रीच्या दोऱ्या कुठे आवळायच्या, कुठे सैल ठेवायच्या. माल भरताना वजन मागच्या आसावर किती आणि पुढे किती हे डोळ्यांनी जोखणे. वाराणसीहून शक्तिनगरकडे जाताना रॉबर्ट्सगंजच्या पुढे मारकुंडीचा घाट लागतो. तो उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावर रोखायची असते. ब्रेकवर पाय ठेवून उतरले तर ब्रेक तापतात आणि नेमके शेवटच्या वळणावर दगा देतात. हे पुस्तकात एका वाक्यात सांगता येते. ते पायाला कळायला मात्र तो घाट दुसऱ्याच्या शेजारी बसून वीसदा उतरावा लागतो. शिवाय खलासी डावीकडे बसे. आपल्या ट्रकांची डावी बाजू चालकाला जवळजवळ दिसतच नाही. सायकलस्वार, शेळी, शाळेतून परतणारी मुले हे सारे तो मुलगा खिडकीतून बाहेर झुकून पाहत असे आणि दारावर थाप मारून सांगत असे. आता त्या बाजूला फक्त आरसा आहे.

चंदासीच्या भिंतीपलीकडे, शब्दशः भिंतीपलीकडे, हाच कोळसा रेल्वेने जातो. मुगलसरायचे यार्ड देशातल्या सर्वांत मोठ्या यार्डांपैकी एक आहे. २०१८ साली स्थानकाचे नाव बदलून पंडित दीनदयाळ उपाध्याय करण्यात आले. इथला तरुण ‘सहायक लोको पायलट’ म्हणून भरती होतो. त्याच्या डोळ्यांची तपासणी सर्वांत कठोर श्रेणीची असते. प्रशिक्षणानंतरही तो स्वतंत्रपणे गाडी हाकत नाही. अनुभवी चालकाच्या शेजारी दुसऱ्या आसनावर बसतो, सिग्नल मोठ्याने उच्चारतो आणि वर्षे सरल्यावर वरच्या पायरीला चढतो. फेरी संपली की त्याच्यासाठी रनिंग रूममध्ये खाट असते, स्वयंपाकी असतो, कामाच्या तासांची नोंद असते. रेल्वेचालकांनाही तक्रारी आहेत आणि त्या रास्त आहेत. पण त्या लेखी स्वरूपात करता येतात आणि ज्याच्याकडे करायच्या तो अधिकारी अस्तित्वात असतो. तोच कोळसा, तेच अंतर आणि बहुधा त्याच गावातली, एकाच शाळेतली दोन मुले. एक भिंतीच्या या बाजूला जन्मभर नवशिका राहतो, दुसऱ्याला नवशिका असण्याचा हक्क मिळतो.

कामाच्या तासांविषयी कायदाच नाही असे कोणी समजू नये. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ सालचा आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्यासाठी ही मर्यादा दहा आणि चोपन्नपर्यंत वाढवता येते. मध्ये विश्रांतीची सक्ती आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ९१ याच मर्यादांकडे बोट दाखवते. मात्र हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. आपल्या देशातली मालवाहतूक फार मोठ्या प्रमाणावर एक, दोन, तीन गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे. कधी तो मालक स्वतः कालचा चालकच असतो आणि हप्त्याच्या ओझ्याखाली त्याच्या चालकाइतकाच वाकलेला असतो. म्हणजे ज्यांना या कायद्याची सर्वाधिक गरज, ते त्याच्या उंबरठ्याबाहेर. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत जुना कायदा विलीन झाला, तेव्हा हा उंबरठा खाली येईल अशी अपेक्षा होती. तो पाचावरून दहावर गेला.

या उंबरठ्याबाहेर पहिली नोकरी कशी मिळते, ते पाहण्यासारखे आहे. चांगली गाडी, चांगला मार्ग आणि नियमित पगार हे मालक ओळखीच्या, मुरलेल्या चालकाला देतो. लाखोंची गाडी अनोळखी पोराच्या हाती कोण देईल? नवख्याच्या वाट्याला येते ती जुनी गाडी, रात्रीची पाळी आणि सोनभद्रची खडी-वाळू. तिथे पगार नसतो, फेरीमागे पैसे मिळतात. म्हणून दोन फेऱ्यांच्या जागी तीन करायच्या. किती माल भरायचा हे खाणीवर ठरते, चालकाला विचारून नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा झाला. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलवता येत नाही. दंडाची पावती मालकाच्या नावे निघते, पण हिशेबाच्या वेळी तिचा काही भाग चालकाच्या नावे मांडला जातो. डिझेल ठरल्यापेक्षा अधिक लागले तरी कपात, माल काट्यावर कमी भरला तरी कपात. मुरलेला चालक भांडतो, दुसरी गाडी धरतो. नवा मुलगा अंगठा उमटवतो. एकाने मला आपली छोटी वही दाखवली. तीन महिन्यांच्या हिशेबात मालक त्याचे देणे लागत नव्हता, तोच मालकाचे देणे लागत होता.

वेळेचा हिशेबही असाच दुहेरी आहे. वस्तू व सेवा कर आल्यावर राज्यांच्या सीमांवरचे करनाके उठले, ही मोठी सुधारणा होती. नौबतपूरच्या सीमेवर जे पूर्वी पाहिले आहे, त्याला ती विसरता येणार नाही. ई-वे बिलात २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस धरला जातो. म्हणजे नाशिकहून वाराणसीला येणाऱ्या कांद्याच्या गाडीला सरकार सहा-सात दिवस देते. आडत्या तितके थांबत नाही, कारण कांदा थांबत नाही. सरकारी घड्याळ आणि बाजाराचे घड्याळ यांतला फरक चालकाच्या झोपेतून भरून निघतो. २०२० साली सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने दहा शहरांतल्या बाराशेहून अधिक ट्रकचालकांशी बोलून एक अहवाल काढला. त्यांतल्या सुमारे निम्म्यांनी थकवा किंवा झोप येत असतानाही आपण गाडी चालवतो, अशी कबुली दिली होती. आपल्या घरातल्या कोणी या व्यवसायात यावे असे ८४ टक्क्यांना वाटत नव्हते. घरच्या मुलाला या धंद्यात आणायचे नाही असे बापानेच ठरवले, तर उस्ताद-खलासीची साखळी तुटणारच.

रस्त्यावर झोपायचे ठरवले, तरी कुठे? इथे माझ्यातला इतिहासाचा विद्यार्थी जरा मधे येतो. अकबराच्या काळात लिहिणाऱ्या अब्बास खान सरवानीने शेरशाहच्या रस्त्यांचे वर्णन केले आहे. दर दोन कोसांवर सराई, हिंदूंसाठी व मुसलमानांसाठी वेगळी व्यवस्था, पाणी, अंथरूण, जनावरांना चारा. दरबारी लेखकाची अतिशयोक्ती वजा केली, तरी कल्पना स्पष्ट आहे. माल आणि वार्ता पुढे जायला हव्या असतील, तर त्या नेणाऱ्याला झोपायला जागा हवी, हे त्या राज्यकर्त्याला ठाऊक होते. मुगलसराय, मोहनसराय ही नावे त्याच परंपरेची खूण आहेत. आज याच मोहनसरायला ट्रान्सपोर्ट नगर उभारण्याची योजना दोन दशकांहून अधिक काळ भूसंपादनाच्या वादात अडकून राहिली. शेतकऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे मुळीच नाही. जुन्या दराने जमीन कोण देईल? पण वाद चालू असताना ट्रक उभे राहायचे थांबत नाहीत. ते महामार्गाच्या कडेला उभे राहतात आणि रात्री मागून येणारी गाडी त्यांच्यावर आदळते. दिवसा शहरात जड वाहनांना बंदी. श्रावणात कावड घेऊन येणाऱ्यांसाठी प्रयागराज–वाराणसी महामार्गाची एक बाजू राखून ठेवली जाते. २०१९ च्या डिसेंबरात कर्मनाशेवरच्या महामार्गाच्या पुलाला तडे गेले, तेव्हाही असेच. (या नदीचा स्पर्श झाला तरी पुण्य नष्ट होते, अशी जुनी समजूत होती. एकोणिसाव्या शतकात जेम्स प्रिन्सेपने तिच्यावर दगडी पूल उभारला, तो यात्रेकरूंना मोठा दिलासा वाटला असणार.) अशा वेळी अनुभवी चालकाला माहीत असते की, कोणत्या ढाब्यावर गाडी लावली तर डिझेल चोरीला जाणार नाही आणि हातपंप कुठे आहे. नवखा स्टिअरिंगवर डोके ठेवून रात्र काढतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर चालकांसाठी एक हजार विश्रांतिगृहे उभारण्याची घोषणा केली. तेल कंपन्यांनी पंपांवर ‘अपना घर’ नावाच्या खोल्या सुरू केल्या आहेत. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. जूनमध्ये बनारसच्या उन्हात ज्याने केबिनच्या पत्र्याला हात लावला असेल, तो या निर्णयाला नावे ठेवणार नाही. परंतु नवी गाडी मुरलेल्या चालकाला मिळते, हे वर लिहिलेच आहे. जुन्या गाड्या अजून दहा-पंधरा वर्षे धावतील आणि नवखे त्यांवरच असतील.

आणि अपघात. या मुलांशी बोलताना सर्वांत लांब शांतता या प्रश्नावर पसरत असे. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली, ती भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२) विरुद्ध. अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची ही तरतूद आहे. जुन्या दंडविधानात निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा होती. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, पण हे उपकलम तेव्हा स्थगित ठेवण्यात आले. शहरी वाचकाला वाटते, न पळणाऱ्याला काय भीती? मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ वाचावे. जखमीला मदत मिळवून देणे हे त्यात चालकाचे कर्तव्य सांगितले आहे. मात्र जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर सूट आहे. म्हणजे जमाव चालकाला मारतो, हे खुद्द कायद्याने गृहीत धरले आहे. उस्ताद नवख्याला सांगत असे की, गाडी पुढच्या चौकीपर्यंत न्यायची आणि तिथे हजर व्हायचे. आता हे कोण सांगणार? मी विचारलेल्या सात-आठ जणांपैकी एकालाही अपघातानंतर नेमके काय करायचे ते कोणी शिकवलेले नव्हते. “पळायचे,” एवढेच उत्तर. एकाने थोड्या वेळाने पुस्ती जोडली, “गाडी सोडून.”

दोन चालकांची सक्ती पुन्हा आणावी, असे मी म्हणणार नाही. न पाळली जाणारी सक्ती म्हणजे वाटेवरच्या प्रत्येक वर्दीला दिलेला नवा महसूल असतो, हे सेवेत असताना पुरेसे पाहिले आहे. पण दुसऱ्या आसनावरच्या माणसाला परत आणण्याचा दुसरा मार्ग आपल्या कायद्यांतच आहे. शिकाऊ उमेदवार कायदाही १९६१ चाच आहे आणि त्याखाली विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलते. नियम असा की, तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक, चार ते एकोणतीस असल्यास ऐच्छिक. दोन गाड्यांचा मालक इथेही बाहेरच. मात्र अनेक लहान आस्थापनांच्या वतीने एखाद्या मध्यस्थ संस्थेने उमेदवार घेण्याची सोय योजनेत आहे. चंदासीची व्यापारी संघटना, पहाडियातले वाहतूकदार, नागपूर वा नाशिकची ट्रकमालक मंडळे ही भूमिका सहज घेऊ शकतात. परवाना मिळालेल्या तरुणाने पहिले वर्ष मुरलेल्या चालकाशेजारी काढावे. विद्यावेतन त्याला मिळावे आणि शिकवण्याचा भत्ता उस्तादाला, कारण आजवर उस्तादाला कोणी एक रुपयाही दिलेला नाही. प्रत्येक घाटाची, प्रत्येक रात्रीच्या फेरीची नोंद वहीत व्हावी. विमा कंपन्यांनी अशी वही असलेल्या चालकाच्या गाडीला हप्त्यात सवलत दिली, तर मालक स्वतःहून वही मागू लागतील.

हे अशक्य नाही, याचा पुरावा जुन्या महामार्ग ७ वरच आहे. वाराणसीहून निघालेला हा रस्ता तमिळनाडूत नामक्कलमधून जात असे. ट्रकांच्या व्यवसायावर उभ्या असलेल्या त्या गावात १९९५ पासून अशोक लेलँडची चालक प्रशिक्षण संस्था आहे. पुण्यात केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून काम करते आहे. म्हणजे शिकवणारे आहेत, कायदा आहे, थोडाफार पैसाही आहे. प्रश्न वहीवर सही कोणाची, हा आहे. परिवहन विभाग म्हणेल, उमेदवारी हा कौशल्य विकास मंत्रालयाचा विषय. कौशल्य विकासवाले म्हणतील, परवाना परिवहनाचा. कामगार विभाग उंबरठ्याचा आकडा दाखवेल. माझ्या मते सही जिल्ह्याच्या परिवहन अधिकाऱ्याची असावी, कारण अपघात झाल्यावर घटनास्थळी तांत्रिक तपासणीसाठी त्याच्याच कार्यालयातला माणूस जातो.